फुलाचा वास मेंदूत काय करतो?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला सांगितलं की यंदा एखाद्या विज्ञानाच्या विषयावर बोला. मी काही डॉक्टर नाही, गिरणी कामगार आहे. जे वाचलं, जाणकारांना विचारलं आणि मला पटलं तेवढंच बोलणार. विषय निवडला तो आपल्याच विहारातल्या वादावरून. पौर्णिमेच्या वंदनेला अगरबत्ती आणि फुलं असावीत की नसावीत यावर आपल्यात दोन तट आहेत. तरुण म्हणतात, ही मागच्या दारानं आलेली पूजाअर्चा आहे, बंद करा. महिला मंडळाचं म्हणणं, फुलांचा वास दरवळला की मन शांत होतं, मग त्यात वाईट काय? दोघांचं मी पुष्कळ ऐकलं. पण वास खरोखर काही करतो का, आणि करतो तर कुठं करतो, हा प्रश्न कुणी विचारला नाही. बाबासाहेबांच्या अनुयायांनी हा प्रश्न आधी विचारायला पाहिजे.

वास म्हणजे काय ते पाहू. मोगऱ्याचं फूल उमललं की त्यातून तेलाचे अतिसूक्ष्म कण वाफ होऊन हवेत येतात. शास्त्रज्ञ त्यांना रेणू म्हणतात. श्वासाबरोबर ते नाकात शिरतात आणि नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, एका पातळ ओल्या अस्तरावर जाऊन टेकतात. त्या अस्तरात मज्जापेशी आहेत आणि त्यांच्या टोकाला वास पकडणारे ग्राहक आहेत. माणसात असे ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे असतात. एका वासात अनेक तऱ्हेचे रेणू, आणि एकेक रेणू अनेक ग्राहकांना कमीजास्त छेडतो. पेटीच्या मोजक्या पट्ट्यांतून हजार चाली निघतात ना, तसंच हे. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी १९९१ साली शोधली आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आता महत्त्वाची गोष्ट. या पेशींचे तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि थेट मेंदूला भिडतात. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, त्वचेला कळलेलं, हे सगळं आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वासाला हे ठाणं लागत नाही. तो नाकावरच्या गंधाच्या गाठीतून सरळ अमिग्डालाकडे जातो. अमिग्डाला म्हणजे भीती, राग, माया यांच्याशी संबंधित असलेला बदामाएवढा भाग. त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस आहे, तिथं आठवणींची बांधणी होते. म्हणून पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला की गाव आठवतं, आणि नुसतं आठवत नाही तर पोटात कालवाकालव होते. वासाला नाव सापडायच्या आधी भावना येऊन उभी राहते.

मग हा परिणाम मोजता येतो का? येतो. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९२४ साली माणसाच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा नोंदल्या. जागेपणी डोळे मिटून निवांत बसलं की एक प्रकारच्या लहरी उठतात, त्यांना अल्फा म्हणतात. दुसऱ्या लहरी बीटा. पुढे वासाचे प्रयोग करणाऱ्यांनी हीच युक्ती वापरली. अमेरिकेत मायामी इथं १९९८ साली ४० माणसांवर एक प्रयोग झाला. काहींना लव्हेंडरचा, काहींना रोझमेरीचा वास फक्त तीन मिनिटं दिला. ही दोन्ही झुडपं आपल्या तुळशी-पुदिन्याच्या कुळातलीच, फक्त भूमध्य समुद्राकडची. लव्हेंडरवाल्यांच्या मेंदूत बीटा लहरींचा जोर वाढला, अंग सैलावल्याचं त्यांनी सांगितलं, आणि गंमत म्हणजे गणितं त्यांनी आधीपेक्षा लवकर आणि बिनचूक केली. रोझमेरीवाल्यांच्या कपाळाकडच्या भागातल्या अल्फा आणि बीटा लहरी उतरल्या, म्हणजे मेंदू सावध झाला. त्यांनीही गणितं लवकर केली, पण चुका काही कमी झाल्या नाहीत. घाई आणि हुशारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे यावरून मुलांनी लक्षात ठेवावं.

लव्हेंडर आपण कुठून आणायचं, असं कुणी म्हणेल. त्यात लिनालूल नावाचा एक पदार्थ असतो. तो मोगरा-जाईत असतो आणि आपल्या डब्यातल्या धण्यांत तर भरपूर असतो. धण्याच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग त्याचाच. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ साली उंदरांना नुसता लिनालूलचा वास दिला, तर त्यांची भीती कमी झाली आणि चालणं अडखळलं नाही, गुंगीही आली नाही. ज्या उंदरांची वासाची शक्ती आधीच काढून टाकली होती त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे परिणाम नाकावाटे मेंदूत गेलेल्या संदेशाचा होता. आणि चिंतेवरच्या गोळ्या मेंदूतल्या ज्या ग्राहकांवर काम करतात, ते औषधानं अडवून ठेवल्यावर वासही निकामी झाला. आमच्या भगिनी म्हणतात मन शांत होतं, ते काही उगाच म्हणत नाहीत. पण उंदीर तो उंदीर, माणूस तो माणूस. धणे हुंगून कुणी डॉक्टरची गोळी बंद करू नये.

वास दुसऱ्या एका वाटेनंही जातो, रक्तातून. इंग्लंडमध्ये २०१२ साली २० जणांना रोझमेरीच्या वासाच्या खोलीत बसवलं आणि नंतर त्यांचं रक्त तपासलं. रोझमेरीतला सिनिओल नावाचा पदार्थ रक्तात सापडला, आणि ज्यांच्या रक्तात तो जास्त, त्यांची आकडेमोड चांगली झाली. हाच सिनिओल आपल्या निलगिरीच्या तेलाचा मुख्य भाग आहे. इथं आयाबहिणींना हात जोडून सांगतो. जी वस्तू हुंगली तर रक्तात उतरते, ती पोटात गेली तर काय करील? निलगिरीचं तेल किंवा कापूर लहान पोराच्या पोटात गेला तर झटके येतात, जिवावर बेततं. २०२० आणि २१ साली करोनाच्या काळात घरोघर कापूर-ओवा-लवंगेच्या पुरचुंड्या गळ्यात आल्या, त्यानं रक्तातला प्राणवायू वाढतो म्हणून. तसं काही होत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कारण तिथल्या गारवा ओळखणाऱ्या तंतूंना चाळवलं जातं. त्या वाटण्यावर विसंबून दवाखान्यात जायला उशीर झालेली माणसं आपण पाहिली आहेत.

त्याच करोनात कित्येकांचा वास गेला. विषाणूनं नाकातल्या वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी बिघडवल्या. काहींचा वास पंधरवड्यात आला, काहींचा अजून पुरता आलेला नाही. त्यांच्यासाठी एक बिनपैशाचा उपाय आहे. जर्मनीत ड्रेस्डेन इथल्या थॉमस हुमेल या डॉक्टरनं २००९ साली, म्हणजे करोनाच्या कितीतरी आधी, तो तपासला. चार वास घ्यायचे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. सकाळ-संध्याकाळ एकेक वास थोडा थोडा वेळ लक्षपूर्वक हुंगायचा, असं १२ आठवडे. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना फरक पडला. नाकातल्या पेशी सतत नव्या येत असतात, त्यांना आणि मेंदूला सराव मिळतो. चारही वस्तू आपल्या घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात आहेत. फक्त निलगिरीची बाटली हुंगून झाली की पोरांच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवा. आणि वास गेलेल्या माणसाला हसू नका. त्याला जेवण गोड लागत नाही, गॅस सुटलेला कळत नाही, बाळाच्या टाळूचा वास येत नाही. असा माणूस आतून खचतो.

दहावी-बारावीच्या मुलांसाठी आणखी एक प्रयोग सांगतो. जर्मनीतल्याच ल्युबेक शहरातला, २००७ चा. विद्यार्थ्यांनी संध्याकाळी पत्त्यांच्या जोड्या कुठं कुठं आहेत ते पाठ केलं, तेव्हा त्यांना गुलाबाचा वास दिला. रात्री गाढ झोपेत पुन्हा तोच वास दिला. सकाळी त्यांना जवळजवळ ९७ टक्के आठवत होतं. ज्यांना झोपेत वास दिला नाही त्यांना ८६ टक्के. झोपेत वास येताच हिप्पोकॅम्पस जागा झाल्याचं यंत्रावर दिसलं. मात्र पाठ करताना वास नव्हता आणि फक्त झोपेत दिला, तेव्हा काहीच फायदा झाला नाही. म्हणजे गुलाबात विद्या नाही! आधी अभ्यास करावा लागतो, आणि रात्री नीट झोपावं लागतं. उशाशी गुलाब ठेवून रात्रभर मोबाईल बघणाऱ्याला बाबासाहेब काय, गुलाबही पास करणार नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो.

जपानमध्येच १९८८ साली तोरी आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं होतं की एखाद्या कामाची वाट पाहताना मेंदूत जी एक संथ लहर उठते, ती जाईच्या जातीच्या फुलांच्या वासानं वाढते आणि लव्हेंडरनं कमी होते. सगळ्यांना वाटलं, चला, फुलाचा गुणधर्म सापडला. दोन वर्षांनी अमेरिकेत लोरिग आणि रॉबर्ट्स यांनी एक युक्ती केली. दोन्ही वास मिसळून तेच मिश्रण लोकांना दिलं. काहींना सांगितलं, हे सौम्य लव्हेंडर आहे. काहींना सांगितलं, ही सौम्य जाई आहे. मिश्रण एकच, पण ज्यांना लव्हेंडर सांगितलं त्यांची लहर कमी झाली आणि ज्यांना जाई सांगितली त्यांची वाढली. नाकात गेलं ते एक, आणि मेंदूनं ऐकलं ते कानात सांगितलेलं नाव.

२००५ साली ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी याच्याही पुढची पायरी गाठली. माणसांना यंत्रात झोपवून एकच वास दिला आणि समोर कधी 'चीज' हा शब्द दाखवला, कधी 'अंगाचा वास' हा शब्द. चीज वाचलं की लोक म्हणाले, छान आहे. अंगाचा वास वाचलं की म्हणाले, वाईट आहे. एवढंच असतं तर म्हटलं असतं तोंडदेखलं बोलले. पण मेंदूचा जो भाग वासाचा आनंद मोजतो, तोही शब्दाप्रमाणे कमीजास्त पेटला.

बंधू-भगिनींनो, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. गुरुजी त्याला रोज खिडकीशी वेगळा बसवायचे. कारण काय, तर वास येतो. शाळेचं आणि गुरुजींचं नाव मी घेत नाही. त्या मुलाची आई पहाटे बागाईतदाराकडे मोगरा खुडायला जायची आणि तोही शाळेच्या आधी तिच्याबरोबर फुलं भरू लागायचा. त्याच्या सदऱ्याला, हाताला, दप्तराला मोगऱ्याचा वास यायचा. मी त्याच्या मागच्या रांगेत बसायचो, मला तो रोज यायचा. त्याच मोगऱ्याचे गजरे संध्याकाळी गावातल्या देवळात जायचे, तेव्हा तो सुवास असायचा.

गुरुजी मुद्दाम खोटं बोलत होते, एवढ्यावर हे प्रकरण मिटवू नका. त्यांना कदाचित खरोखरच घाण वास येत असेल. त्यांच्या मेंदूपुढे पाटी आधीच लावलेली होती, आणि पाटी वाचून मेंदूनं वास तयार केला. पाटी लहानपणी घरात लावली गेली, ओट्यावर लावली गेली, पोथीतून लावली गेली. आज शहरात घर भाड्यानं मागायला गेलं की आडनाव विचारतात, मग म्हणतात, तुमच्यात सुकट-बोंबील शिजतात, वास येतो. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी मासे तळत असेल तर तो खमंग वास असतो.

१९२७ साली महाडला २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर तिथल्या सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही मडक्यांतून ओतून. नाकावर निवाडा सोपवला असता तर काय निघाला असता हे तुम्हीच ठरवा. पण निवाडा नाकाचा नव्हताच. त्याच महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायाबापड्यांना स्वच्छ राहायला, नीटनेटकं लुगडं नेसायला सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं सोडायला सांगितलं. ते आपल्या स्वाभिमानासाठी सांगितलं. आपण कितीही साबण लावला तरी समोरच्याच्या डोक्यातली पाटी धुतली जात नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून ते कायद्याकडे गेले, शाळेकडे गेले आणि १९५६ साली धम्माकडे आले.

धम्मात याची उकल फार पूर्वी केलेली आहे. नाक, गंध आणि त्याची जाणीव हे तीन एकत्र आले की फस्स, म्हणजे स्पर्श. फस्सातून वेदना: सुखद, दुःखद, किंवा धड ना ही ना ती. वेदनेतून तण्हा. भन्तेजी वर्षावासात हे समजावून सांगतात तेव्हा आपण माना डोलावतो. हाच पाठ मोगऱ्याचं एक फूल हातात धरून घेता येतो. वंदनेला बसलात की एकदा श्वास घ्या. वास आला, ही एक गोष्ट. बरा वाटला, ही दुसरी. आणखी हवा, ही तिसरी. पहिल्या आणि दुसऱ्या गोष्टीच्या मध्ये एक फट आहे. गुरुजींची पाटी त्या फटीत बसते. आपल्याही पाट्या तिथंच बसतात. आपल्यातही एका पोटजातीचा माणूस दुसऱ्याच्या घरचं पाणी टाळतो, सफाई कामगाराच्या शेजारी बसताना काही जण पदर नाकाला लावतात. मी पाहिलं आहे, आणि इथं बसलेल्या कुणाला राग आला तरी बोलणार आहे.

राहिला अगरबत्तीचा प्रश्न. वास आणि धूर यांची गल्लत करू नका. अगरबत्तीच्या धुरात बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्मल्डिहाइड असतं. सिंगापूरमध्ये ६१ हजारांहून जास्त चिनी लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहिले आणि २००८ साली सांगितलं की घरात दीर्घकाळ रोज धूप-उदबत्ती जाळणाऱ्यांत तोंड, घसा, स्वरयंत्र या श्वासमार्गाच्या वरच्या भागातले काही कर्करोग जास्त आढळले. आपल्या वस्तीत ब्लोरूम आणि कार्डिंगखात्यात जन्म घालवलेली माणसं आहेत. कापसाच्या तुसानं त्यांची छाती आधीच भरलेली. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळून यायची, हे त्यांना विचारा. त्यांना बंद खोलीत चार पुडे अगरबत्ती लावून आपण मंगलमैत्री द्यायची? पहिल्या रांगेतली दम्याची पोरं खोकतात तेही आपण ऐकतो.

तेव्हा माझं म्हणणं असं. तरुणांनी फुलाला कर्मकांड म्हणू नये. फूल कुणाकडे काही मागत नाही आणि कोमेजून अनित्य दाखवतं. महिला मंडळानं धुराला शांती म्हणू नये. लावायचीच तर एक काडी, तीही दाराशी, खिडक्या उघड्या ठेवून. विहाराच्या मागं नळाच्या पाण्याचा ओघळ जातो, तिथं दोन मोगरे आणि एक सोनचाफा लागेल. शेजारी तुळस आणि सब्जाही लावू. तुळस म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, मला दिसल्या. झाडाला कुणी धर्म विचारलेला नाही, आणि तिच्या वासात लवंगेतलाच युजेनॉल असतो. रातराणी मात्र नको, तिचा वास बंद खोलीत काहींच्या डोक्यात चढतो.

रोपांचा खर्च मी आणि आमच्या पाळीतले चौघे करतो. पाणी घालायची पाळी लावायला नावं हवी आहेत. वही दाराजवळ ठेवली आहे, जाताना लिहून जा.

जयभीम.